दिलेला वकील आणि त्याच्यावरील देखरेख

(सिंधुदुर्गनगरी येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विविध खात्यांतील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि ओरोसच्या माळावर जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय या इमारतींच्या पायऱ्या आपणांपैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा चढलेल्या आहेत. परंतु जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या छत्राखाली काम करणाऱ्या ‘लोक अभिरक्षक कार्यालया’चे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याच्यावर फौजदारी गुन्ह्याचा आरोप आहे आणि ज्याला वकील देणे परवडत नाही, त्याचा बचाव शासनाच्या खर्चाने करणारे पूर्णवेळ वकील या कार्यालयात असतात. मी कायद्याचा पदवीधर नाही, माहिती खात्यातला माणूस आहे. म्हणून आज कायद्याची कलमे समजावून सांगण्यापेक्षा एका साध्या प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे. गरीब माणसाला वकील दिला, येथवर ठीक; पण त्या वकिलाने काम कसे केले, हे कोण पाहतो?

पैसे मोजून केलेला वकील नीट काम करीत नसेल तर पक्षकार त्याला जाब विचारतो, प्रसंगी वकील बदलतो. फुकट मिळालेल्या वकिलाचा पक्षकार बहुधा कोठडीत असतो. त्याला आपल्या वकिलाने कोणता अर्ज द्यायला हवा होता, हेच माहीत नसते. मग जाब विचारणार कोण?

हा प्रश्न नवा नाही. तत्कालीन मुंबई राज्य सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. पुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सर्वोच्च न्यायालयात या विषयाला जे वळण दिले, ते सर्वश्रुत आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि आर्थिक दुर्बलतेमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, ही राज्याची जबाबदारी ठरली. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षा झालेल्या बंद्यास निकालाची प्रत वेळेवर मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील नसेल तर तो दिला पाहिजे. यातली गंमत अशी की, ज्याच्या प्रकरणातून हे तत्त्व निघाले तो गृहस्थ विद्यापीठातला प्रपाठक होता, खोट्या पदव्यांच्या प्रकरणात सापडला होता आणि त्याचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला. मात्र त्या निकालाचा लाभ पुढे असंख्य निरक्षर बंद्यांना झाला. १९७९ चे हुसैनआरा खातून प्रकरण, १९८१ चे खत्री प्रकरण आणि १९८६ चे सुकदास प्रकरण यांतून हा हक्क विस्तारत गेला. आरोपीने स्वतः मागणी केली नाही तरीही त्याला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे सुकदास प्रकरणात स्पष्ट झाले.

आपल्या राज्यातील १९८३ च्या शीला बारसे प्रकरणाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांची स्थिती पत्रकार शीला बारसे यांनी पत्राने सर्वोच्च न्यायालयास कळविली. त्या प्रकरणात दोन परदेशी स्त्रियांची हकीकत पुढे आली होती. त्यांच्या वकिलाने फीच्या नावाखाली त्यांच्या चीजवस्तूंचा मोठा वाटा आपल्याकडे ठेवून घेतला होता. वकील नसणे ही एक आपत्ती आणि वाईट वकील असणे ही दुसरी. आपले सारे कायदे पहिल्या आपत्तीचा विचार करून झाले. दुसरीकडे लक्ष जायला बराच काळ लागला.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत साहाय्यास पात्र आहे. कोठडीतल्या माणसाचे उत्पन्न विचारायचे नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या अधिनियमाखाली वकिलांची नामिका, म्हणजेच पॅनेल, तयार झाली. न्यायालयाने कळविले की पॅनेलवरील एका वकिलाच्या नावे पत्र निघे. तो वकील आपली खासगी प्रॅक्टिस सांभाळून हेही काम करी, मानधन अल्प असे आणि एखाद्या गुंतागुंतीच्या साक्षीपूर्वी सल्ला घ्यावा असा वडीलधारा सहकारी त्याला त्या व्यवस्थेत नसे. २०१० च्या विनियमांनी देखरेख समित्या नेमण्याची तरतूद केली. परंतु समितीपुढे येतो तो अहवाल. त्यात तारीख, टप्पा आणि शेरा असतो. उलटतपासणीत काय विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, हे अहवालाच्या रकान्यात मावत नाही.

त्याची किंमत काय होते, हे मध्य प्रदेशातील खांडवा येथील एका खटल्यावरून दिसेल. एका लहान मुलीवरील अत्याचार व हत्येचा तो खटला होता. लोकक्षोभ स्वाभाविक होता. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीला वकील देण्यात आला आणि त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली. ४ मार्च २०१३ रोजी, म्हणजे दोन आठवड्यांत, फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. वकील होता, कागदोपत्री सर्व काही यथासांग होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१९ रोजी अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालविण्याचा आदेश दिला. जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकेल अशा प्रकरणात किमान दहा वर्षे वकिलीचा अनुभव असलेला वकील द्यावा आणि त्याला तयारीस सर्वसाधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे निकष त्याच निकालाने घालून दिले. पुनर्विचारणीत पुन्हा फाशी झाली. डीएनए तज्ज्ञाची साक्ष न झाल्याने उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठविले आणि शेवटी मार्च २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. मधल्या अकरा वर्षांचा हिशेब कोणत्या खात्यात घालायचा? आणि त्या मुलीच्या आईवडिलांना तरी त्या पहिल्या दोन आठवड्यांच्या न्यायातून काय मिळाले?

हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती उदय लळित होते. त्यांचे घराणे मूळचे आपल्या देवगड तालुक्यातील गिर्ये परिसरातले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यकारी अध्यक्ष असतानाच्या काळात, २०२२ साली, लोक अभिरक्षक योजनेचे सुधारित स्वरूप आकारास आले. या योजनेत मुख्य लोक अभिरक्षक, उपमुख्य लोक अभिरक्षक आणि सहाय्यक अशी उतरंड आहे. मुख्य लोक अभिरक्षकास फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयात किमान तीस खटले चालविल्याचा पूर्वानुभव लागतो. उपमुख्यास सात वर्षे व वीस खटले. सहाय्यक नवोदित असतात. या वकिलांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. न्यायालयात गरिबाच्या वतीने उभे राहणे हाच त्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय. फिर्यादी पक्षासाठी सरकारी अभियोक्त्यांची यंत्रणा पूर्वीपासून आहे. बचावासाठी तशी यंत्रणा प्रथमच उभी राहिली.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येतो. मुख्य लोक अभिरक्षकाने देखरेख करायची म्हणजे नेमके काय करायचे? हजेरीपट पाहणे आणि मासिक तक्ता वर पाठविणे, एवढ्याला आपण कार्यालयांत देखरेख म्हणतो. खटला चालविणाऱ्या वकिलावरील देखरेख त्याहून वेगळी असते. ती फाइलपासून सुरू होते.

पहिला प्रश्न असा की, वकील पक्षकाराला भेटला का, आणि कोठे भेटला? न्यायालयाच्या व्हरांड्यात, हातात बेडी असताना, दोन पोलिसांच्या देखत झालेली दोन मिनिटांची भेट ही भेट नव्हे. कारागृहात जाऊन, शांतपणे बसून, त्याच्या भाषेत विचारपूस झाली पाहिजे. दुसरा प्रश्न दिवसांचा. तपास ठरावीक मुदतीत, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत, पुरा होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीस जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होतो. हा हक्क मागावा लागतो. अर्ज देण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले की संधी गेली. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार असणे आणि नसणे यावर एखाद्या माणसाचे पुढले वर्षभर ठरते. सहाय्यक वकिलाच्या डायरीत हे दिवस मोजलेले आहेत की नाहीत, हे दर आठवड्यास पाहणे हे वरिष्ठाचे काम. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, हा हक्क कायम ठेवला आहे.

तिसरी गोष्ट उलटतपासणीची, आणि येथे मी थोडा वेळ घेणार आहे. पोलिसांनी तपासात नोंदविलेला जबाब आणि साक्षीदाराने न्यायालयात दिलेली साक्ष यांत फरक असतो. कधी साक्षीदार जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट न्यायालयात प्रथमच सांगतो. जाणता वकील ती गोष्ट साक्षीदारापुढे ठेवतो, ‘हे आपण पोलिसांना सांगितले नव्हते’ असे विचारून त्याचे उत्तर नोंदवून घेतो. पण काम येथे संपत नाही. पुढे तपासी अंमलदार साक्षीस येईल तेव्हा त्याच्याकडूनही ते शाबीत करून घ्यावे लागते. नवोदित वकील पहिली पायरी चढतो आणि दुसरी विसरतो, कारण दोन साक्षींमध्ये काही महिने लोटलेले असतात. निकालाच्या वेळी ती त्रुटी लक्षात येते, तेव्हा साक्षीपुरावा संपलेला असतो. म्हणून तपासी अंमलदाराच्या साक्षीआधी वरिष्ठाने सहाय्यकाला समोर बसवून, प्रत्येक साक्षीदाराच्या जबाबातील वगळलेल्या आणि विसंगत भागांची यादी करून घेणे, हे मला या कार्यालयातील सर्वांत मोलाचे काम वाटते. अर्ध्या तासाचे हे काम कोणत्याही अहवालात दिसणार नाही.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. साक्षीदार बोलतो मालवणीत. ‘थंय कोण तरी होतो’ एवढेच तो सांगतो. जबाब लिहिला जातो दफ्तरी मराठीत, आणि त्यात ‘सदर इसम घटनास्थळी हजर होता’ असे वाक्य उमटते. कोण तरी होते, यापासून हा इसम होता, इथवरचा प्रवास लेखणीने केलेला असतो, साक्षीदाराने नव्हे. हा फरक ऐकू येणारा कान वकिलाला हवा, आणि ज्याला तो नाही त्याला वरिष्ठाने तो द्यायला हवा. तीच गोष्ट जागेची. पंचनाम्यात ‘घरासमोरील मोकळ्या जागेत’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात खळ्यापुढे गडगा, गडग्यापलीकडे पाणंद आणि त्यापुढे माडांची दाटी असेल, तर रात्रीच्या वेळी ओटीवरून कोणाचा चेहरा दिसेल? हे कागदावरून कळत नाही. जाऊन उभे राहावे लागते. वरिष्ठाने विचारावे, ‘आपण जागा पाहिलीत का?’ उत्तर नकारार्थी असेल तर साक्षीच्या तारखेआधी ती पाहून यावी.

आणि वरिष्ठाने न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसले पाहिजे. सुसर बाई तुझी पाठ मऊ, अशी वृत्ती सर्वच कार्यालयांत असते. कनिष्ठाच्या कामातील उणीव सांगून वाईट कोण होणार? पण शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरच्या शेजारी ज्येष्ठ डॉक्टर उभा राहतो, तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. मात्र बसायचे ते शिकवण्यासाठी. भर न्यायालयात मधेच उठून प्रश्न विचारल्याने सहाय्यकाचा आणि पक्षकाराचाही विश्वास जातो. सायंकाळी कार्यालयात बसून, आज कोणता प्रश्न एक पाऊल जास्त गेला, हे सांगणे अधिक उपयोगी.

या देखरेखीला मर्यादा आहेत, आणि त्या जपणे तितकेच महत्त्वाचे आहे. गुन्हा कबूल करायचा की नाही, हे पक्षकाराने ठरवायचे. वकिलाने सल्ला द्यायचा. प्रकरणे लवकर निकाली निघावीत म्हणून वरिष्ठाने कबुलीकडे ढकलणे ही देखरेख नव्हे. लोक अभिरक्षकांची निवड प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती करते आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्या कामाचे मूल्यमापन होते. ज्या न्यायालयापुढे उभे राहायचे, त्याच न्यायसंस्थेने कामाचा शेराही द्यायचा, ही व्यवस्था नाजूक आहे. परखड हरकत घेणारा वकील गैरसोयीचा ठरू नये, याची काळजी घ्यावी लागेल. करार सुरुवातीस दोन वर्षांचा असल्याने ती काळजी अधिकच. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणत्याही आढाव्यात उघड करता येत नाही. आणि एकाच प्रकरणात दोन आरोपी एकमेकांवर दोष टाकीत असतील तर दोघांचा बचाव एकाच कार्यालयाने करू नये. अशा वेळी दुसऱ्यास पॅनेलवरील वकील द्यावा लागतो.

किती प्रकरणे निकाली काढली, याचा आकडा सोपा असतो, म्हणून तो मागितला जातो. किती सुटले, हा आकडाही तसाच फसवा आहे. सक्षम बचाव होऊनही शिक्षा होऊ शकते, आणि तशी शिक्षा अपिलात टिकते. माझ्या मते पाहण्याजोगे आकडे वेगळे आहेत. अटकेनंतर पहिली भेट किती दिवसांत झाली? जामीन मंजूर होऊनही किती जण आत राहिले? एका वकिलाच्या हाती एकाच वेळी किती सत्र खटले आहेत? सुहास चकमा विरुद्ध भारत सरकार या ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही लोक अभिरक्षक कार्यालयांच्या कामाची वेळोवेळी तपासणी व्हावी आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती सुधाराव्यात, असे म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या, हे मला योग्य वाटते.

अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यात १९१४ सालापासून असे सार्वजनिक बचाव कार्यालय आहे आणि १९६३ च्या गिडियन निकालानंतर ती पद्धत देशभर पसरली. तेथील अनुभव सांगतो की प्रकरणांचा भार हाताबाहेर गेला की उत्तम वकीलही यंत्रवत होतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९९० साली वेगळा प्रयोग झाला. बचाव कार्यालय न्यायालयाजवळ न ठेवता वस्तीत नेले, आणि वकील, तपासनीस व समाजकार्यकर्ते यांचा गट एका पक्षकाराच्या पाठीशी उभा केला. त्यातला एक विचार आपल्याला लागू पडतो. बचावाची माहिती न्यायालयात नसते. ती वाडीत असते.

आणि येथे आपला, म्हणजे या सभागृहातील मंडळींचा, संबंध येतो. देवगडपासून दोडामार्गपर्यंत आठ तालुक्यांचा हा जिल्हा. आंब्याच्या बागेतील मांगरात राहून राखण करणारा नेपाळी गडी, मालवणच्या बंदरात परप्रांतांतून आलेला खलाशी, यांच्यावर आळ आला तर त्यांना येथे जामीनदार मिळत नाही. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्र शासनाच्या २०२३ च्या योजनेत जामिनाकरिता साहाय्याची तरतूदही आहे. स्थानिक माणसाच्या बाबतीत मात्र अडते ते कागदांवर. ऐपतीचा दाखला, सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती. हे कागद मागायला वकिलाचा माणूस आला तर ‘आरोपीला कशाला मदत’ असे म्हणून त्याला आठ दिवस हेलपाटे घालायला लावू नका. दाखला हा आरोपीच्या निर्दोषपणाचा नसतो, जामीनदाराच्या ऐपतीचा असतो.

शिक्षकांकडे याहून महत्त्वाचा कागद आहे. आरोपी घटनेच्या दिवशी अठरा वर्षांखालील होता का, हे ठरविताना २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या चौऱ्याण्णवाव्या कलमानुसार शाळेचा जन्मतारखेचा दाखला अग्रक्रमाने पाहिला जातो. तो नसेल तर नगरपालिका वा पंचायतीची जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. चौथीत शाळा सोडून गेलेल्या मुलाची जनरल रजिस्टरमधील एक ओळ त्याला प्रौढांच्या तुरुंगातून बाल न्याय मंडळापुढे नेऊ शकते. वयाचा हा मुद्दा प्रकरणाच्या कोणत्याही टप्प्यावर, निकालानंतरही, उपस्थित करता येतो. म्हणून जुनी रजिस्टरे वाळवीपासून जपा, आणि जन्मतारखेच्या रकान्यातील खाडाखोड सहीशिवाय ठेवू नका.

काही व्यावहारिक माहिती देऊन थांबतो. मोफत वकिलासाठी अर्ज आरोपीच्या नातेवाइकालाही देता येतो. त्यास शुल्क नाही. तालुका विधी सेवा समितीकडे, सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर कळविता येते. फौजदारी प्रकरणात पीडित असलेल्या स्त्रीला अथवा बालकालाही मोफत वकील मिळतो, मात्र तो पॅनेलवरील असतो. शिक्षा झाल्यास अपिलासाठीही साहाय्य मिळते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाले असून आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. दिलेल्या वकिलाविषयी तक्रार असेल तर ती मुख्य लोक अभिरक्षकांकडे किंवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्यावी. बंदी आत असेल तर नातेवाइकाने द्यावी, आणि नातेवाइकाला लिहिता येत नसेल तर गावच्या शिक्षकाने ती लिहून द्यावी.